घोडेस्वारी शिकताना आधी मांड, मग लगाम

घोडेस्वारी शिकायला येणाऱ्या मोठ्या माणसांचं घोडं बहुतेक वेळा एकाच जागी अडतं. पहिल्या दिवशी खोगिरात बसतात, दुसऱ्या दिवशी लगाम हातात मागतात आणि चौथ्या-पाचव्या तासाला विचारतात, "सर, पळवायचा कधी?" तोवर लगामाला लटकून तोल सांभाळायची सवय अंगात भिनलेली असते. ती मोडायला नव्याने शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि दरम्यान त्या घोड्याच्या तोंडाचे जे हाल होतात ते वेगळेच.

आधी मांड, म्हणजे खोगिरावरची पक्की बैठक, आणि मग लगाम, असा खालचा क्रम पाळा. एखादा टप्पा दोन तासांत जमेल, एखाद्याला महिना लागेल. तास मोजू नका, ज्या टप्प्यानंतर चाचणी दिली आहे तिथे ती जमते का ते बघा.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. "माथेरानला बऱ्याचदा बसलोय" हा अनुभव इथे धरू नका. तिथे दोरी घोडेवाल्याच्या हातात असते आणि घोड्याला रस्ता पाठ असतो. तुम्ही फक्त सामान असता.

टप्पा १ : पैसे भरण्याआधी तबेला बघा

ठाण्यात घोडबंदर रोडच्या अलीकडे-पलीकडे किंवा पनवेलच्या बाजूला जिथे कुठे जाणार असाल, तिथे एक सकाळ नुसतं बघायला जा. महालक्ष्मी रेसकोर्सवर अमॅच्युअर रायडर्स क्लब आहे, पण ठाण्याहून दादरला गाडी बदलून आणि वाशीहून कुर्ला-दादर करून सकाळच्या बॅचला पोहोचणं आठवड्यातून दोनदा जमेल का, याचा प्रामाणिक विचार करा. शिकण्यात खंड पडणार असेल तर जवळची साधी शाळा परवडली.

रिसेप्शनवरचे फोटो राहू देत, घोड्यांच्या पाठी बघा. काळ्या किंवा तांबड्या घोड्याच्या पाठीवर खोगिराच्या जागी पांढऱ्या केसांचे ठिपके असतील, तर तिथे कधीतरी खोगीर लागून जखम झाली होती. जुना एखादा ठिपका चालतो, तो घोडा कुठून कुठून फिरून आलेला असतो. पण ओली जखम किंवा केस उडालेला लालसर पट्टा असलेल्या घोड्यावर त्याच दिवशी खोगीर चढताना दिसलं, तर तिथून निघा. दुखणारा घोडा शहाणा असला तरी कधीतरी लाथ मारतोच.

मग शिकवणारा बघा. तो जमिनीवर, रिंगणाच्या मध्ये उभा असावा. नवशिक्याला लांब दोरीवर गोल फिरवून शिकवणं म्हणजे लंजिंग, ते तिथे होतं का ते विचारा. "त्याची काही गरज नाही, डायरेक्ट बसवतो" असं उत्तर आलं तर मला तिथे पुढे काही विचारावंसं वाटत नाही. रिंगणाला कुंपण हवं. पहिल्याच दिवशी रस्त्यावर फेरी देणारी जागा शिकण्याची नव्हे, फोटो काढण्याची.

वरातीला जाणाऱ्या घोड्यावर शिकू नका. बँड वाजला की जागच्या जागी पाय नाचवायचे, हे त्याला मुद्दाम शिकवलेलं असतं. तुमच्या नवख्या पायाचा इशारा त्याला कसा कळेल याचा भरवसा नाही.

बऱ्याच शाळांत रेसमधून निवृत्त झालेले थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचे घोडे असतात. ते वाईट नसतात, पण तोंडावर ताण घेऊन धावायची त्यांना सवय असते. घाबरून दोन्ही लगाम ताणून धरणारा स्वार त्यांना "चल" म्हणतोय असंही वाटू शकतं. म्हणून तुमच्यासाठी वयस्क, संथ, थोडा आळशी म्हणावा असा घोडा मागून घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

वजनाचा हिशेब शाळेने स्वतः विचारायला हवा. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत राहावं असा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे ४०० किलोच्या घोड्यावर खोगिरासकट ८० किलो. नवशिक्याचं वजन पाठीवर आपटत राहतं, म्हणून त्याने या मर्यादेच्या बरंच आत असलेलं बरं.

टप्पा २ : अंगावर काय, पोटात काय

धनुर्वाताचं इंजेक्शन आधी. घोड्याच्या लिदीत आणि तबेल्याच्या मातीत धनुर्वाताचे जंतू असतात, आणि रिंगणात पडून कोपर खरचटणं ही काही दुर्मीळ घटना नाही. मागचा डोस १० वर्षांपूर्वीचा असेल किंवा आठवतच नसेल, तर आपल्या डॉक्टरांकडे जाऊन घ्या. मणक्याचं दुखणं, फिट्स, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तासाला जाऊ नका.

हेल्मेट घोडेस्वारीचंच हवं. स्कूटरवरून आलेला माणूस तेच हेल्मेट घालून रिंगणात शिरतो, हे दर रविवारी दिसतं. ते जड असतं, मान ओढतं आणि कान झाकल्यामुळे सरांचं अर्धं ऐकू येत नाही. सायकलचं हेल्मेट वेगळ्या प्रकारच्या पडण्यासाठी बनवलेलं असतं, तेही नको. भुवयांच्या वर साधारण दोन बोटांवर कडा यावी आणि पट्टा न लावता डोकं हलवलं तरी ते घसरू नये. शाळेचं हेल्मेट वापरायचं तर आत तडा आहे का बघा. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बाद.

बुटाला साधारण इंचभर टाच हवी, म्हणजे पाय रिकिबीतून (पाय ठेवायच्या कडीतून) आरपार जात नाही. तळवा जाड खाचांचा नको, तो अडकतो. स्पोर्ट्स शूज, क्रॉक्स, सँडल यांपैकी काहीच चालत नाही. जीन्सची आतली शिवण मांडी सोलून काढते, आणि सुळसुळीत नायलॉनची ट्रॅकपँट खोगिरावरून घसरते. अंगाबरोबर बसणारी जाडसर लेगिंग किंवा सुती पँट उत्तम. ओढणी, लटकते कानातले, बांगड्या, लांब मंगळसूत्र घरी ठेवा किंवा आत खोचा. मोबाइल मागच्या खिशात नको, पडलात तर त्याच्यावरच पडाल.

तासाआधी एखादं केळं आणि पाणी पुरे. कोपऱ्यावरची मिसळ नंतर.

टप्पा ३ : जमिनीवरचे तास

हा टप्पा सगळ्यांना टाळायचा असतो. "मी बसायला पैसे भरलेत, खरारा करायला नाही" असं ऐकवणारेही भेटतात. खरारा म्हणजे ब्रशने घोड्याचं अंग घासणं. पण घोड्याच्या बाजूला उभं राहायची ज्याला भीती आहे, त्याचं अंग पाठीवर गेल्यावर आणखी आखडतं.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, पण अगदी नाकासमोरचं आणि थेट शेपटीमागचं दिसत नाही. म्हणून समोरून किंवा मागून जायचं नाही. डाव्या खांद्याच्या दिशेने, तिरकं, बोलत बोलत जायचं. काय बोलता ते महत्त्वाचं नाही, तुम्ही कुठे आहात ते त्याला कळायला हवं. आधी खांद्याजवळ मानेवर हात ठेवा. लगेच नाक कुरवाळायला जाऊ नका.

कान वाचायला शिका. पुढे टवकारलेले असतील तर त्याचं लक्ष समोर कशावर तरी आहे. एक कान तुमच्याकडे वळला तर तो तुमचं ऐकतोय. दोन्ही कान मानेला चिकटवून मागे पाडले तर तिथून बाजूला व्हा. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांच्या कानांची टोकं आतल्या बाजूला वळलेली असतात. ते कान वाचायला सुरुवातीला जरा वेळ लागतो, पण मागे पाडलेले मात्र तेही लपत नाहीत.

घोड्यांची निगा राखणाऱ्या सईस चाचांकडून तीन कामं शिकून घ्या. खरारा करणं, खूर उचलून आतली माती आणि खडे काढणं आणि मोहरकीला (तोंडावरच्या पट्ट्याला) दोरी लावून घोडा चालवत नेणं. नेताना त्याच्या डाव्या खांद्याशी राहा, पुढे राहून ओढू नका. घोडा तुमच्यापेक्षा कितीतरी पटींनी जड आहे, ओढाओढीत तुम्ही हरणार हे ठरलेलं.

सावधान : दोरी किंवा लगाम हाताला कधीही गुंडाळू नका. घोडा बुजला तर सुटायला वेळ मिळत नाही. उरलेली दोरी घड्या घालून मुठीत धरा.

चाचणी : दोरीवर घोडा तुमच्याबरोबर चालतो, तुम्ही थांबलात की थांबतो आणि त्याच्याभोवती फिरताना तुमचा श्वास अडकत नाही.

टप्पा ४ : तंग आणि रिकीब, चढण्याआधी

खोगीर पोटाखालून बांधणारा पट्टा म्हणजे तंग. तो आवळताना घोड्याकडे नीट बघा. पुष्कळ घोडे त्या क्षणी छाती फुगवतात आणि श्वास धरून उभे राहतात. सईस पट्टा ओढतो, बकल लागतं, सगळं घट्ट दिसतं. मग घोडा फुर्र करून श्वास सोडतो आणि पट्ट्याखाली चार बोटं सहज जातात. अशा ढिल्या तंगावर रिकिबीत पाय ठेवून चढायला गेलात, तर खोगीर तुमच्यासकट पोटाकडे फिरतं.

त्यामुळे तंग तीनदा तपासायचा. बांधल्यावर घोड्याला थोडं चालवून, बसल्यावर लगेच आणि पाच-दहा मिनिटं चालल्यावर. पट्ट्याखाली दोन बोटं सपाट, थोडी जोर लावून जावीत. दुसऱ्याने तपासला असेल तरी स्वतः तपासा. सईस चाचांना त्याचा राग येत नाही, उलट बरं वाटतं.

रिकिबीची लांबी मोजायची सोपी युक्ती आहे. बोटांची टोकं रिकिबीचा पट्टा खोगिराला जिथे अडकतो तिथे टेकवा आणि रिकीब काखेकडे ओढा. ती काखेपर्यंत आली की सुरुवातीला पुरेसं आहे. रिकिबीत बुटाच्या दोन्ही बाजूंना मिळून साधारण इंचभर मोकळी जागा हवी. घट्ट रिकिबीत पाय अडकतो, फार मोठीतून आरपार जातो. पडण्यापेक्षा पाय अडकून फरपटणं कितीतरी धोक्याचं.

टप्पा ५ : चढणं आणि उतरणं

स्टूल किंवा चौथऱ्यावरून चढा. जमिनीवरून चढण्यात मर्दुमकी नाही, घोड्याची पाठ मात्र एका बाजूला ओढली जाते. डाव्या बाजूला उभे राहा, लगाम डाव्या हातात आखूड धरा आणि त्याच हाताने आयाळही पकडा. डावा पाय रिकिबीत घाला, बुटाचं टोक घोड्याच्या पोटात खुपसू देऊ नका. त्याला तो "चल"चा इशारा वाटतो. उजवा पाय घोड्याच्या पुठ्ठ्याला (मागच्या भागाला) न लागता वरून न्या आणि हळू बसा. पोतं टाकल्यासारखं धप्पकन बसणं ही नवशिक्याची खूण.

उतरताना आधी दोन्ही पाय रिकिबीतून बाहेर काढा. एक पाय रिकिबीत ठेवून उतरणारे पुष्कळ आहेत. घोडा शांत आहे तोवर ते चालतं. ज्या दिवशी शेजारच्या टॉवरवरून ताडपत्री फडफडली, त्या दिवशी नाही.

याच टप्प्यावर, घोडा उभा असताना, झटपट उतरण्याचा सराव करा. सर "उतरा" म्हणाले की दोन्ही पाय बाहेर, हात मानेवर, पाय मागून फिरवून खाली, गुडघे वाकवून उभं राहायचं. हे ट्रॉटच्या (दुडक्या चालीच्या) आधी अंगवळणी पडायला हवं. बऱ्याच ठिकाणी ते शिकवतच नाहीत, तेव्हा मागून घ्या.

टप्पा ६ : लगामाशिवाय मांड

आता लंजिंग. दोरी सरांच्या हातात, घोडा वर्तुळात चालतोय, आणि तुमच्या हातात काही नाही. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या.

बाजूने पाहणाऱ्याला तुमचा कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत दिसायला हवी. घाबरलेला माणूस पुढे वाकतो, गुडघे वर घेतो आणि पायांनी घोड्याचं पोट चिमटीत धरतो. तिन्ही गोष्टी उलट परिणाम करतात. पुढे वाकलं की तोल जातो, गुडघे आवळले की बूड खोगिरावरून वर उचललं जातं, आणि पोटाला चिमटा बसला की घोडा वेग वाढवतो.

त्याऐवजी वजन दोन्ही बैठकीच्या हाडांवर सोडा. ती कुठे आहेत ते कळत नसेल तर घरी लाकडी पाटावर बसून बघा. मांड्या ढिल्या सोडा, पायाचा चवडा रिकिबीवर आणि टाच थोडी खाली. टाच जबरदस्तीने खाली दाबू नका, घोटा मोकळा सोडला की ती आपोआप उतरते. नजर घोड्याच्या मानेवर नाही, समोरच्या कुंपणावर. चालताना घोड्याची पाठ डावी-उजवी हलते. तुमची कंबर तिच्याबरोबर हलू द्या, खांदे शांत ठेवा.

मग हात पसरणे, खांदे फिरवणे, डोळे मिटून पाच पावलं मोजणे आणि रिकिबीतून पाय काढून एक फेरी मारणे, हे सगळं चालीत, म्हणजे घोडा साधा चालत असताना, करा.

चाचणी : हात कमरेवर, पाय रिकिबीबाहेर, दोन्ही दिशांना दोन-दोन फेऱ्या, आणि बोलताना आवाज थरथरत नाही. हे जमेपर्यंत लगाम मागू नका.

टप्पा ७ : थांबणं, मग वळणं

लगाम मिळाल्यावर पहिलं शिकायचं थांबणं. लगाम करंगळी आणि अनामिकेच्या मधून आत येतो, वरून अंगठ्याखाली दाबला जातो. मुठी बंद पण मऊ, कोपर अंगाजवळ. चालताना घोड्याचं डोकं पुढे-मागे होतं, हात त्याच्याबरोबर गेले पाहिजेत.

थांबवताना क्रम असा : पाठ ताठ, श्वास बाहेर, कंबर हलायची थांबली, आणि मग बोटं आवळली. घोडा थांबला त्या क्षणी बोटं सैल. हे सैल सोडणं नवशिके हमखास विसरतात. घोडा उभा आहे आणि ओढणं चालूच. मग त्याला थांबून फायदा काय झाला? दोनचार दिवसांत तो थांबेनासा होतो आणि "हा घोडा ऐकत नाही" अशी तक्रार येते.

वळताना आधी नजर, मग खांदे, मग आतल्या बाजूच्या लगामाची किंचित उघडझाप. बाहेरच्या पायाने हलका दाब. हँडल फिरवल्यासारखं ओढलंत तर मान वळते आणि घोडा सरळच जातो.

उधळला तर : दोन्ही लगाम ताणून मागे लटकू नका, ओरडू नका. मागे टेकून बसा, टाच खाली, एका हाताने आयाळ किंवा खोगिराचा पुढचा भाग धरा आणि दुसऱ्या हाताने एकच लगाम ओढ-सोड करत घोड्याला मोठ्या वर्तुळात घ्या. वर्तुळ हळूहळू लहान करा. एकदम तोंड वळवलं तर तो घसरून पडू शकतो.

पडलातच तर लगाम सोडून द्या. तळहात टेकवून सावरायला जाऊ नका, मनगट आणि हंसळीचं हाड असंच मोडतं. अंग गोळा करून घोड्यापासून लांब लोळा. लगेच उठू नका. डोकं आपटलं असेल तर बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी डॉक्टर. उलटी, गुंगी किंवा काही आठवेनासं झालं तर थेट हॉस्पिटल.

दहीहंडी, गणपती आणि दिवाळीच्या दिवसांत ठाण्यात तास शक्यतो ठेवूच नका. डीजे आणि सुतळी बॉम्बपुढे कुठल्याच घोड्याच्या शिकवणीची खात्री देता येत नाही.

टप्पा ८ : ट्रॉट

ट्रॉट म्हणजे दुडकी चाल. पुढचा एक आणि त्याच्या तिरक्या बाजूचा मागचा पाय जोडीने पडतात, म्हणून दोन ठोके. प्रत्येक ठोक्याला पाठ तुम्हाला वर फेकते. त्यावर उपाय म्हणजे एका ठोक्याला उठायचं, दुसऱ्याला बसायचं.

सराव उभ्या घोड्यावर सुरू करा, मग चालीत, मग लंजिंगच्या दोरीवर ट्रॉटमध्ये. घोड्याच्या मानेभोवती पट्टा बांधून घ्या आणि तोच धरा, लगाम नको. "उठ-बस, उठ-बस" मोठ्याने म्हणा. लाज वाटली तरी म्हणा. स्वतः जोर लावून उभं राहायचं नाही, पाठीने वर ढकललं की कंबर थोडी पुढे जाऊ द्यायची आणि परत टेकायचं. जे चवड्यावर उभे राहतात ते तिसऱ्या उडीला पुढे झुकतात.

ठोका सापडला की कुंपणाकडचा खांदा पुढे जातो तेव्हा उठायचं, एवढं एक लक्षात ठेवा. पहिल्याच दिवशी ते जमलं नाही तरी काही बिघडत नाही.

चाचणी : लंजिंगवर हात कमरेवर ठेवून ट्रॉटच्या सलग पाच फेऱ्या, दोन्ही दिशांना. मग दोरी सोडून, लगाम हातात घेऊन, हवं तिथे ट्रॉटमधून चालीत आणि चालीतून थांबून दाखवा. हे झाल्यावर कँटरचं (ट्रॉटच्या पुढच्या, जलद चालीचं) नाव काढा, तेही आधी दोरीवरच. कँटर खरंतर ट्रॉटपेक्षा बसायला मऊ असतो. त्यात गडबड होते ती आधीचे टप्पे उरकून टाकलेल्यांची.

टप्पा ९ : तास संपल्यावर

शेवटची दहा मिनिटं लगाम सैल सोडून चाल. उतरल्यावर तंग एक-दोन भोकं ढिला करा आणि रिकिबी पट्ट्यावर वर सरकवून ठेवा, लोंबकळू देऊ नका. इथल्या दमट उन्हात घोडा भिजतो. पाण्याने पुसून, सावलीत, श्वास शांत होईपर्यंत हळूहळू फिरवा. गाजर द्यायचं तर सरांना विचारून, तळहात सपाट ठेवून. बोटांत धरून देऊ नका.

पावसाळ्याचा खंड

जून ते सप्टेंबर बऱ्याच शाळांची रिंगणं चिखलाने बंद असतात. निसरड्या रिंगणात तास घ्यायचा आग्रह कोणी धरला तर नकार द्या. त्या महिन्यांत सोसायटीच्या जिन्याच्या पायरीवर चवडे टेकवून टाचा खाली सोडायचा आणि एका पायावर तोल धरायचा सराव रोज थोडा करा. पोटाचे आणि पाठीचे व्यायाम चालू ठेवा. ऑक्टोबरमध्ये परत जाल तेव्हा जिथे सोडलं तिथून सुरू करू नका. पहिले दोन तास लंजिंगच मागा. घोड्यालाही बरेच दिवस काम नसतं, रग साठलेली असते. म्हणून त्या आठवड्यात सकाळची पहिली बॅच सोडून दुसरी किंवा तिसरी घ्या, तोवर कोणीतरी जाणकार स्वार त्याची रग जिरवून गेलेला असतो.